पाण्याचा नमुना घेताना या चुका टाळा

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि त्यांपैकी काहींच्या शौच-नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तेव्हापासून पुण्यातल्या अनेक सोसायट्या स्वतःहून पाणी तपासून घेऊ लागल्या. ही जागरूकता मला मनापासून हवी आहे. मात्र तपासण्यांबरोबर त्याच त्या चुकाही वाढल्या. चुकीच्या रीतीने घेतलेल्या नमुन्याचा निर्दोष अहवाल हा अहवालच नसण्यापेक्षा घातक असतो, कारण तो हाती आला की शोध थांबतो.

सर्वांत मोठी चूक वेळेची. आपल्याकडे बहुतेक भागांत पाणी ठरावीक वेळेलाच येते. वॉल्व्ह बंद झाला की सखल भागातले नळ आणि थेट नळाला लावलेल्या मोटारी वाहिनीतले उरलेले पाणी ओढून घेतात, आतला दाब जातो, आणि सैल सांध्यांतून व गंजलेल्या भोकांतून आजूबाजूचे सांडपाणी आत शिरते. पुन्हा पाणी सुटते तेव्हा हे सगळे पहिल्या काही मिनिटांत ढकलले जाऊन बाहेर पडते. गुरुवारी पाणी बंद असेल, तर शुक्रवारी सकाळी गढूळ पाणी येते ते याच काळात. नमुना मात्र सगळे आवरल्यावर, निवांतपणे, अकरा वाजता घेतला जातो.

धायरीच्या बाजूच्या एका सोसायटीत एकाच विंगेत जुलाब-उलट्यांचे रुग्ण होते आणि समितीकडे मात्र स्वच्छ अहवालांची फाइल होती. सगळे नमुने गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या नळाचे होते, आणि ते घेण्याच्या आदल्या रात्री कोणीतरी काळजीपोटी टाकीत टीसीएल पावडर (क्लोरीन देणारी ब्लीचिंग पावडर) टाकली होती. त्या विंगेची जोडणी वेगळी होती. वॉल्व्हमनकडून पाणी सुटण्याची वेळ विचारून आम्ही पहाटेच मीटरजवळच्या नळाशी जाऊन थांबलो. पहिले पाणी जेमतेम गढूळ होते, वासही नव्हता. पण ओटीचे (क्लोरीन असेल तर पिवळा रंग देणाऱ्या ऑर्थोटोलिडिन द्रावणाचे) थेंब टाकल्यावर रंग मुळीच आला नाही. थोड्या वेळाने त्याच नळाच्या पाण्याला स्पष्ट पिवळा रंग आला. क्लोरीन आधी नाही आणि नंतर आहे, याचा अर्थ पहिल्या पाण्यात क्लोरीन खाऊन टाकणारे काहीतरी मिसळत होते. त्या पहिल्या पाण्याच्या नमुन्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जिवाणू निघाला. खोदकाम केल्यावर त्या विंगेचा जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप ड्रेनेजच्या चेंबरमधूनच गेलेला आढळला. चेंबर तुंबला की पाइप त्यात बुडत असे.

म्हणून मी प्रयोगशाळेचा विचार करण्याआधी क्लोरीन मोजत जातो: आधी पाणीपुरवठ्याच्या टाकीच्या बाहेर, मग रस्त्यावरच्या जोडणीवर, मग शेवटच्या घरात. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असावा आणि विषाणूंचा धोका असेल तेव्हा 0.5. दोन ठिकाणांमध्ये तो अचानक घसरला, तर बहुतेक वेळा बिघाड त्या दोहोंच्या मध्येच सापडतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि नवख्यांना ते टाळून थेट बाटली भरायची घाई असते. पण जागा कळत नसेल, तर ‘दूषित’ एवढाच शेरा घेऊन कुठे खोदायचे हे ठरत नाही.

दुसरी चूक बाटलीची. बाजारातल्या पाण्याची रिकामी बाटली धुऊन त्यात नमुना नेणारे लोक आजही भेटतात. नमुन्यात क्लोरीन असेल, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो जिवाणू मारत राहतो आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. निर्जंतुक बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट हवेच. 120 मिलीच्या बाटलीला 3 टक्के द्रावणाचे 0.1 मिली लिटरमागे 5 मिलिग्रॅमपर्यंतच्या क्लोरीनला पुरते. ही बाटली विसळायची नाही, नाहीतर तेच वाहून जाते. वर थोडी जागा मोकळी ठेवावी, म्हणजे तपासणीआधी नमुना नीट हलवता येतो. नळाची जाळी काढावी, तोंड स्पिरिटने पुसावे, धातूचा नळ असेल तर ज्योत फिरवावी. मात्र पहिले पाणीच हवे असेल, तर ही तयारी पाणी सुटण्याआधी उरकावी. झाकण जमिनीवर ठेवू नये.

टीडीएस मीटर जिवाणूंबद्दल काहीही सांगत नाही. तो फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो.

ओटीचा रंग पहिल्या काही सेकंदांतच पाहावा. नंतर गडद होणारा पिवळेपणा संयुक्त क्लोरीनचाही (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचाही) असतो. शक्य असेल तर डीपीडी हे क्लोरीन असल्यास गुलाबी रंग देणारे रसायन वापरावे, पण क्लोरीन फार जास्त असेल तर त्याचा गुलाबी रंग उडतो आणि वाचन शून्य भासते, हे लक्षात ठेवावे.

नमुना बर्फाच्या पेटीत न्यावा, गोठवू नये, आणि 24 तासांच्या आत तपासणी सुरू व्हावी.

एच-टू-एसची बाटली (पाणी दूषित असेल तर काळी पडणारी घरगुती चाचणी) काळी झाली नाही म्हणून लगेच सुटकेचा श्वास टाकू नये. डिसेंबरातल्या थंड रात्री ती 30 ते 37 अंशांत ठेवली नसेल, तर काळी पडायला वेळ लागतो, म्हणून 48 तास वाट पाहावी. बोअरच्या पाण्यात गंधकाशी संबंधित इतर जिवाणूंमुळेही ती काळी होऊ शकते.

कॉलिफॉर्म (दूषिततेची खूण मानला जाणारा जिवाणूंचा गट) आढळला नाही म्हणजे पाणी सर्व रोगजंतूंपासून मुक्त आहे, असेही नाही. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे जुलाब घडवणारे परजीवी नेहमीच्या क्लोरीनला सहज दाद देत नाहीत, त्यामुळे आजार चालू असताना स्वच्छ अहवालाच्या आधारे उकळलेले पाणी सोडायला सांगणे मला पटत नाही.

सगळ्यात चीड आणणारा शॉर्टकट म्हणजे अहवाल दूषित आला की टाकीत पावडर ओतून दुसऱ्याच दिवशी फेरनमुना पाठवणे. तो अहवाल पावडरीचा असतो, वाहिनीचा नसतो. गळती सापडून दुरुस्त झाल्यावर, वाहिनी धुऊन, जादा क्लोरीन निघून गेल्यानंतर, पाणी सुटण्याच्या वेळी वेगवेगळ्या दिवशी घेतलेले सलग दोन नमुने स्वच्छ येईपर्यंत मी खोदलेला खड्डा बुजवू देत नाही.