बारा बोरची पंप बंदूक : स्वस्त घ्यावी की महाग, आणि गोव्याच्या हवेत पैसा नेमका कुठे घालावा

गोव्यात बारा बोर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती मधोमध मोडून काडतूस भरायची एकनळी किंवा दुनळी. सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांतल्या कित्येक घरांत शेतीच्या रक्षणासाठी घेतलेली अशी बंदूक आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलाकडे, प्रत्येक वेळी परवान्याचे सोपस्कार करून, आलेली असते. ती जुनी झाली, तिचा सांधा ढिला पडला, की घरातला तरुण माणूस पंप-ॲक्शनची भाषा बोलू लागतो आणि दुकानात गेल्यावर एकाच बोरच्या, दिसायला जवळजवळ सारख्या दोन बंदुकांच्या किमतींत दुपटी-तिपटीचे अंतर पाहून गोंधळतो. हे अंतर कशाचे असते आणि त्यातले किती आपल्या कामाचे असते, हे उलगडून सांगण्यासाठी हा लेख आहे.

बंदूक निवडण्यापूर्वी परवाना उघडून वाचावा. त्यावर शस्त्राचा कोणता प्रकार लिहिला आहे, कोणत्या प्रयोजनासाठी आणि कोणत्या क्षेत्रापुरता तो दिला आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकास दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. त्यामुळे घरात आधीच दोन असतील, तर नवीन घेण्याआधी एक कमी करावे लागते. ज्यांना परवानाच नव्याने काढायचा आहे, त्यांनी गोव्याच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या परिसरात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून शस्त्राचा नवा परवाना देता येत नाही. म्हादई, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव ही नावे नकाशावर ठेवून दहा किलोमीटरांची वर्तुळे काढली, म्हणजे घाटाकडच्या बाजूचा केवढा भाग त्यांत येतो ते दिसेल. शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे कुळागरात शिरलेले जनावर मारण्याची मुभा नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यासाठी वन खात्याची वेगळी परवानगी लागते, आणि ती नसेल तर बंदूक कितीही महाग असली तरी ती धरणारा अडचणीत येतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पंप बंदुकीत नळीखाली एक लांब मॅगझिन (जादा काडतुसे ठेवायची नळी) असते आणि पुढची मूठ मागे ओढली की बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा ठोकळा, मागे येऊन रिकामे काडतूस बाहेर फेकतो. मूठ पुढे ढकलली की पुढचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, बसते. ही रचना जुनी आहे. विंचेस्टरचे १८९७ चे मॉडेल आणि १९५० साली आलेली रेमिंग्टन ८७० यांनी ती जगभर रुळवली. महत्त्वाचे असे की बऱ्याच आधुनिक पंप बंदुकांत बोल्ट थेट नळीच्या मागच्या टोकात अडकतो, त्यामुळे काडतूस उडतानाचा मुख्य दाब नळी आणि बोल्ट या दोघांवर पडतो, बाहेरच्या रिसीव्हरवर (यंत्रणा ज्यात बसते त्या पेटीवर) फारसा पडत नाही. म्हणूनच काही बंदुकांचा रिसीव्हर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि तरीही त्या दशकानुदशके टिकतात. दुकानदार जेव्हा "हिचा रिसीव्हर पोलादी, तिचा हलका" असे म्हणून किमतीचे समर्थन करतो, तेव्हा एवढ्यावर भुलू नये. आपल्याकडे तर दमट हवेत न गंजणारा रिसीव्हर हा गुणच म्हणावा लागेल.

स्वस्त आणि महाग यांच्यात फरक कुठे पडतो, हे परदेशातल्या दोन जोड्यांवरून चांगले कळते. या बंदुका नव्या स्वरूपात गोव्यातल्या दुकानात मिळणार नाहीत; उदाहरण तेवढे त्यांचे घेतो. रेमिंग्टनने ८७० चे विंगमास्टर हे गुळगुळीत निळ्या पॉलिशचे, अक्रोडाच्या लाकडाचे मॉडेल आधीपासून विकले आणि १९८७ साली त्याच यंत्रणेवर एक्स्प्रेस नावाचे खरबरीत, साध्या फिनिशचे स्वस्त मॉडेल आणले. मॉसबर्गच्या ५०० ला तशीच मॅव्हरिक ८८ ही धाकटी बहीण आहे. तिची सेफ्टी (चाप अडवून ठेवणारी कळ) रिसीव्हरच्या माथ्यावर मागच्या बाजूला नसून चापाजवळ आडव्या खटक्याची आहे, फिनिशही साधे आहे, पण दोघींच्या नळ्या बहुतांशी एकमेकींना बसतात. दोन्ही जोड्यांत काडतूस तेच, छर्ऱ्यांचा वेग तोच, पल्लाही तोच. जादा पैसे गेले ते पृष्ठभागावर, लाकडावर, लहान भाग कोरून केले की ओतून केले यावर, आणि यंत्रणा हाताला किती मऊ लागते यावर. यांतले लाकूड आणि चकाकी आपल्याला सोडून देता येते. पृष्ठभाग आणि लहान भाग मात्र सोडता येत नाहीत.

भारतातल्या बाजाराचे गणित आणखी वेगळे आहे. सामान्य परवानाधारकासाठी बंदुकांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद आहे, त्यामुळे येथे "महाग" याचा अर्थ पुष्कळदा "जुनी, परदेशी आणि दुर्मिळ" असा होतो. स्वस्त बाजूला सरकारी आयुध कारखान्यांची पंप बंदूक येते (हे कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले आहेत), आणि तिच्या खालच्या-वरच्या किमतीला खाजगी कारखान्यांचा माल येतो. खाजगी मालात हातकाम अधिक असल्याने एकाच कारखान्याच्या दोन नगांत फरक आढळतो; म्हणून त्या बाबतीत नाव पाहून नव्हे, समोरचा नग पाहून निर्णय करावा.

माझ्या नात्यातल्या एका काकांनी अशीच एक परदेशी पंप बंदूक घेतली होती. विक्रेत्याने ती "कमी वापरलेली" म्हणून सांगितली आणि त्यात खोटे काही नव्हते. नळी आरशासारखी होती, कुंद्यावर, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागावर, ओरखडा नव्हता. सरावाच्या वेळी पहिली दोन काडतुसे सुटली आणि तिसरे उडाल्यावर मूठ मागे येईना. जोर लावला तेव्हा एक्स्ट्रॅक्टरने (काडतूस ओढून काढणाऱ्या नखीने) काडतुसाची पितळी कड ओरबाडली, काडतूस मात्र जागचे हलले नाही. बंदूक कारागिराकडे नेली. त्याने नळी उतरवून चेंबरमध्ये बारीक विजेरी धरली आणि मला पाहायला सांगितले : वाटाण्याच्या डाळीएवढे तीन-चार काळपट खड्डे, एका बाजूला, ओळीने. ती बंदूक कित्येक पावसाळे चामड्याच्या पिशवीत आडवी पडून होती. चामडे ओल धरते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये पोलाद खातात. आपल्या हवेत "कमी वापरलेली" ही बंदुकीची स्तुती नव्हे. वर्षातून चार वेळा उडवून पुसलेली बंदूक तिच्यापेक्षा बरी.

म्हणून दुकानातली तपासणी कशी करावी हे थोडे सविस्तर सांगतो. बंदूक हातात घेताच तोंड सुरक्षित दिशेला धरावे, चापापासून बोट दूर ठेवावे, मूठ मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने तपासावे, मग मॅगझिनच्या तोंडाशी बोट घालून तेथेही काडतूस नाही याची खात्री करावी. मोडायच्या बंदुकीची सवय असलेल्यांना हे मुद्दाम सांगावे लागते, कारण दुनळी मोडली की ती रिकामी आहे हे सगळ्या घराला दिसते, पंप बंदुकीच्या पोटात मात्र चार काडतुसे असली तरी बाहेरून काही कळत नाही. त्यानंतर विक्रेत्याच्या परवानगीने नळी उतरवावी. नळी उजेडाकडे धरून आत पाहिले असता प्रकाशाची वर्तुळे एकात एक सरळ दिसली पाहिजेत; एखादे वर्तुळ चेपलेले दिसले तर नळीला पोचा आहे. चेंबरच्या आतून बोट फिरवावे. यंत्राच्या हत्याराने सोडलेल्या चऱ्या नखाला लागत असतील, तर उडालेले काडतूस फुगून त्या चऱ्यांत रुतणार, आणि स्वस्त बंदुकीची सगळ्यांत सामान्य तक्रार हीच असते. चांगला कारागीर चेंबर घासून गुळगुळीत करून देऊ शकतो, तेव्हा एवढ्यासाठी बंदूक नाकारण्याचे कारण नाही, पण त्याचा खर्च किमतीत धरावा. गंजाच्या खड्ड्यांना मात्र असा उपाय नाही.

मूठ बोल्टला ज्या पट्ट्यांनी जोडलेली असते त्या दोन आहेत की एक, हे पाहावे. दोन पट्ट्यांची मूठ तिरकी होत नाही आणि अडखळत नाही. एक्स्ट्रॅक्टरची नखी धारदार आणि पूर्ण आहे ना, चापाची चौकट प्लॅस्टिकची असल्यास तिला चीर नाही ना, नळीवर प्रूफचे (दाबाच्या चाचणीचे) ठसे आणि बंदुकीवरचा क्रमांक स्पष्ट आहेत ना, हेही पाहून घ्यावे. क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. नळी कोणी मागाहून कापलेली दिसली तर बंदूक तशीच खाली ठेवावी, कारण परवान्याविना नळी आखूड करणे हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो वारसा विकत घेण्यात शहाणपण नाही.

चेंबरच्या लांबीसाठी जादा पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे. ७६ मिलिमीटरचे चेंबर ७० मिलिमीटरचे काडतूस बिनतक्रार घेते, उलट मात्र कधीही करू नये; पण आपल्याला सर्रास मिळतात ती खडकीच्या कारखान्याची काडतुसे ७० मिलिमीटरपेक्षा लांब नसल्याने मोठ्या चेंबरचा उपयोग क्वचितच होतो. बदलता येणाऱ्या चोकचेही (नळीच्या तोंडाशी छर्ऱ्यांचा फैलाव आवरणाऱ्या आवळ्याचेही) तसेच. एकच नळी आणि मध्यम चोक पुरे.

वजनाचा मात्र विचार करावा. तीन किलोच्या आसपासची बंदूक कुळागराच्या चढावर न्यायला बरी वाटते, पण तेच काडतूस हलक्या बंदुकीतून खांद्याला अधिक मारते. कुंदा लांब असेल तर बुटक्या माणसाला मूठ पूर्ण मागे ओढता येत नाही. मग रिकामे काडतूस अर्धवट निघते आणि दोष यंत्रणेला दिला जातो. दुकानात खांद्याला लावून, रिकाम्या बंदुकीची मूठ दहा-पंधरा वेळा पूर्ण मागेपुढे करून पाहिल्यावाचून निर्णय करू नये. ज्याच्या नावावर परवाना आहे त्यानेच हे करावे.

गंजाविषयी सांगितल्याशिवाय गोव्यातल्या खरेदीची गोष्ट पुरी होत नाही. किनाऱ्याकडच्या बार्देश, तिसवाडी, सासष्टी, मुरगाव या तालुक्यांत हवेत मीठ असते आणि घाटाच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर घराच्या भिंतींना बुरशी येते. आरशासारखे निळे पॉलिश घामाच्या बोटाने दोन दिवसांत डागाळते. त्यापेक्षा फॉस्फेटचा राखाडी, खरबरीत थर तेल धरून ठेवतो आणि आपल्या हवेला अधिक मानवतो. नळीला आतून क्रोमचा थर असेल, तर त्यासाठी जादा पैसे द्यावेत. किमतीतल्या सगळ्या फरकांपैकी मी डोळे मिटून मान्य करीन असा हा एकच. लाकडी कुंदा ओलीने फुगतो, सिंथेटिक फुगत नाही आणि तो स्वस्तही असतो, तेव्हा येथे स्वस्त बंदूक अनायासे सरस ठरते. नळीला खोबरेल लावण्याची जुनी सवय मात्र सोडावी. ते काही महिन्यांत चिकट होते, डिसेंबरच्या पहाटे थिजते आणि बोल्टच्या खाचांत कचरा धरते. बंदुकीचे साधे खनिज तेल, सिलिका जेलच्या पुड्या आणि कुलुपाचे पोलादी कपाट एवढे पुरते.

एकंदरीत, ज्याला वर्षातून मोजकीच काडतुसे उडवायची आहेत आणि ज्याचे घर डोंगरवाटेवर आहे, त्याने दोन पट्ट्यांची, सिंथेटिक कुंद्याची, सुटे भाग मिळणारी नवी देशी बंदूक घ्यावी आणि उरलेल्या पैशात कपाट, काडतुसे आणि प्रशिक्षण बसवावे. स्प्रिंग किंवा एक्स्ट्रॅक्टर तुटला तर किती दिवसांत मिळेल, हा प्रश्न विक्रेत्याला विचारावा. परदेशी जुन्या बंदुकीच्या बाबतीत याचे उत्तर बहुधा "बघूया" असे येते. नियमित नेमबाजी करणाऱ्याने मात्र महाग बाजूला जावे, कारण हजारो काडतुसे उडवल्यानंतर कोरीव आणि ओतीव भागांतला फरक झिजेच्या रूपाने समोर येतो. जुनी बंदूक एखाद्या व्यक्तीकडून घ्यायची असेल, तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळचे पोलीस ठाणे यांना लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. तेवढ्या अवधीत कारागिराला नळी दाखवून घेता येते.

निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला, तर तीही तयारी आधीच करावी. नळी आतून तेलाने पुसून, तोंडाला तेलाचा बोळा न खुपसता, कापडी पिशवीत बंदूक द्यावी. पोचपावतीवर क्रमांकाबरोबर "नळी स्वच्छ, कुंदा अखंड" अशी स्थितीही लिहून मागावी आणि परत घेताना तेथेच नळीत पाहावे. नवीन बंदुकीचे पहिले एक खोके, म्हणजे पंचवीस काडतुसे, परवानगी असलेल्या सरावाच्या जागी पाऊस लागण्यापूर्वी उडवावे. एखादे जरी अडकले, तर ते काडतूस फेकून न देता कागदात गुंडाळून बंदुकीबरोबर दुकानात न्यावे, कारण त्याच्या कडेवरची खूण पाहून कारागीर दोष चेंबरचा की नखीचा ते लगेच सांगतो.