पाड्यावर मुक्कामाला जाताना

जूनच्या पहिल्या सरी पडल्या की मुंबईत गोरेगावच्या बाजारात, पदपथाच्या कडेला, शेवळे, कुरडू, टाकळा या रानभाज्यांचे वाटे लावून बसलेल्या आदिवासी बायका दिसू लागतात. तिथून जवळच्या आरे वसाहतीतल्या एखाद्या पाड्यावर चार दिवस राहावे असे ज्याला मनापासून वाटते, त्याने सुरुवात या वाट्यापासून करावी, असे माझे मत आहे. भाव न करता भाजी घ्यावी, ती करायची कशी ते विचारावे, आणि पुढच्या आठवड्यात त्याच बाईकडे जाऊन भाजी कशी झाली ते सांगावे. ओळख अशी दोन-तीन पावसाळ्यांत मुरते. आमंत्रण तिच्या तोंडून आले तरच जावे. कोणा संस्थेच्या सहलीत नाव नोंदवून एका रात्रीपुरते जाता येते, पण तो मुक्काम नव्हे.

जाण्यापूर्वी दोन गोष्टी माहीत असायला हव्यात. आरेची दुग्ध वसाहत १९४९ साली वसवण्यात आली. वारली, मल्हार कोळी, कोकणा या जमातींचे पाडे तिथे त्याआधीपासून आहेत. खांबाचा पाडा, केलटीपाडा, नवशाचा पाडा, जीवाचा पाडा ही नावे बहुतेक मुंबईकरांनी २०१९ च्या ऑक्टोबरात, मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडे तोडली गेली तेव्हा, वर्तमानपत्रांत प्रथम वाचली. पाड्यावर हातात वही घेऊन येणारा माणूस म्हणजे मोजणीचा, नोटिशीचा किंवा पुनर्वसनाच्या यादीचा माणूस, असा तिथला अनुभव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने हक्क दिले असले तरी ते सिद्ध करण्यासाठी लागणारी कागदपत्रे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी व्यवहारावर जगलेल्या माणसांनी आणायची कुठून? म्हणून वही, प्रश्नावली आणि कॅमेरा घरीच ठेवावा. छायाचित्र काढायचेच असेल तर शेवटच्या दिवशी, विचारून, आणि त्याची प्रत छापून नेऊन देण्याच्या बोलीवर काढावे. लगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या पाड्यांवर वनविभागाच्या परवानगीवाचून रात्री राहू नये, कारण त्याचा जाब पुढे पाड्यातल्या माणसांना द्यावा लागतो.

सोबत काय न्यावे, या प्रश्नावर मी स्वतः चुकलो आहे. पहिल्या खेपेला मी घरातल्या जुन्या कपड्यांची एक मोठी पिशवी नेली होती. मला बोलावणाऱ्या भाजीवाल्या मावशींनी ती उघडलीही नाही. कुडाच्या भिंतीशी टेकवून ठेवली आणि मला हातपाय धुवायला पाणी दिले. मग त्या शेवळे निवडायला बसल्या. वरचे आवरण काढायचे, आतल्या दांड्याचा पिवळसर खरखरीत भाग खुडून टाकायचा, कारण तो पोटात गेला तर घसा खाजतो, आणि उरलेले बारीक चिरायचे. शेजारी काकड या झाडाची हिरवी आंबट फळे ठेचून त्यांचा रस काढलेला होता. तो घातल्याशिवाय सहसा शेवळे शिजवीत नाहीत. सबंध टोपलीभर शेवळांतून वाडगाभर भाजी निघाली, आणि त्यातला मोठा वाटा माझ्या ताटात, तांदळाच्या भाकरीबरोबर पडला. बाजारात त्या टोपलीचे काय पैसे आले असते ते मला ठाऊक होते. परत निघताना पिशवी माझ्याच हातात देत, हे कपडे तुमच्या खालच्या कामवाल्या बाईला उपयोगी पडतील, असे त्या अगदी सहज म्हणाल्या. त्यांनी टोमणा मारला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

तेव्हा न्यायचे ते आपण मामाच्या गावी जाताना नेतो तेच: तांदूळ, डाळ, तेल, चहापत्ती, साखर आणि मुलांसाठी खाऊ. मुलांच्या हातात नोटा ठेवू नयेत. मुक्काम दोन रात्रींहून अधिक असेल तर जेवणाखाण्याच्या खर्चाचे आधीच बोलून घ्यावे आणि ते पैसे घरातल्या बाईच्या हाती द्यावेत. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही, उलट न बोलता गेल्यास यजमानांची कुचंबणा होते. घरात काम मागून घ्यावे. पाणी भरणे, लाकूडफाटा आणणे, भाजी निवडणे यांतले जे जमेल ते करावे, जमत नसेल तर शिकावे, आणि आपल्याला शिकवणारा आठ वर्षांचा मुलगा असला तरी त्याचे ऐकावे. मोबाइलचे चार्जिंग, शौचालय आणि पाणी यांच्या सोयी प्रत्येक पाड्यावर वेगळ्या असतात; आधी विचारून मनाची तयारी करून जावे आणि तिथे गेल्यावर त्याविषयी तोंड वाकडे करू नये. सरकारी अनास्थेवर व्याख्यान तर देऊच नये, ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगले पाठ आहे.

अंधार पडल्यावर एकट्याने अंगणाबाहेर जायचे नाही, हा नियम मात्र कसोशीने पाळावा. विजेरी हाताशी असावी, बोलत चालावे, लहान मुलाला नजरेआड होऊ देऊ नये, उघड्यावर वाकून किंवा उकिडवे बसू नये. आरेत बिबट्याने माणसांवर हल्ले केलेले आहेत. २०२२ च्या दिवाळीत एका तान्ह्या मुलीचा जीव गेला. मुक्कामात वाघोबा या पाड्यावरच्या देवाविषयी जे ऐकायला मिळेल ते ही वस्तुस्थिती डोळ्यांसमोर ठेवून ऐकावे, म्हणजे ते गोड दंतकथेसारखे वाटणार नाही.

वाघोबाचे ठाणे बहुधा एखाद्या झाडाखाली असते: शेंदूर फासलेली दगडाची किंवा लाकडाची फळी, तिच्यावर वाघ आणि वर चंद्र-सूर्य. वसुबारसेला शहरात गाय-वासराची पूजा होते, आणि त्याच आश्विन वद्य द्वादशीला पाड्यावर वाघबारस असते, कोंबडे आणि नारळ देऊन वाघाची पूजा करतात. दुधासाठी वसवलेल्या वसाहतीत गाय आणि वाघ यांचा दिवस एकच असावा, याची मला अजूनही गंमत वाटते. शक्य असेल तर मुक्काम या दिवसाला धरून ठरवावा. आपल्या शेळ्या नेणाऱ्याची पूजा का करायची, असा प्रश्न मी एका वयस्क बाबांना विचारला होता. रान त्याचेही आहे, आपण त्याला मान द्यायचा आणि त्याने आपली कदर ठेवायची, असे त्यांचे म्हणणे होते. त्याने कदर ठेवली नाही तर काय, असे मी पुढे विचारले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग, माणूस तरी कुठे नेहमी ठेवतो, एवढेच बोलून विडी शिलगावायला वळले.

मी श्रद्धाळू घरात वाढलो. आमच्या घरी देवाकडे मागण्यांची यादी असे, आणि यादी पुरी झाली नाही तेव्हा माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला. बाबांच्या श्रद्धेत यादी नव्हती. शेजाऱ्याशी वागावे तसे, भय असूनही संबंध राखत राहणे होते. हे मला एका बैठकीत कळले नाही, तिसऱ्या वाघबारशीला कळले. म्हणून ज्यांना श्रद्धेच्या शोधात जायचे आहे त्यांना माझे सांगणे असे की, देव मानता का, का मानता, असे प्रश्न पहिल्या मुक्कामात विचारूच नयेत. पावसाळ्यातली पहिली रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय अनेक घरांत खात नाहीत; ती दाखवताना बाजूला उभे राहावे. लग्नाचे दिवस असतील आणि बोलावणे आले, तर तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहिणाऱ्या सुवासिनींचे हात पाहावेत, आणि तो चौक पालघट देवीचा आहे, भेटवस्तूच्या दुकानातल्या कपबशीवरची नक्षी नव्हे, हे ध्यानात ठेवावे. वारल्यांत लग्न लावण्याचा मान धवलेरीचा, म्हणजे गाणी म्हणणाऱ्या स्त्रीचा असतो.

प्रतिष्ठेबद्दलही असेच आहे. पालघर जिल्ह्यातल्या तलासरी-डहाणू भागात एकेकाळी लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली तरुण जमीनदाराचा ‘लग्नगडी’ होऊन जन्मभर राबत असे. २३ मे १९४५ ला झरी इथे जमलेल्या वारल्यांनी वेठबिगार करायची नाही असे ठरवले, आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा इथे झालेल्या गोळीबारात पाच माणसे मारली गेली. घरून निघताना एवढे वाचून निघावे. आपण कोणाला सन्मान ‘द्यायला’ चाललो आहोत, हा समज मग आपोआप गळून पडतो आणि बोलण्यातली ती खास समाजसेवकी चालही जाते.

मुक्कामाचा अर्धा भाग परत आल्यावर सुरू होतो, तो म्हणजे त्यांना आपल्या घरी बोलावणे. मावशी प्रथम आमच्याकडे आल्या तेव्हा इमारतीच्या पहारेकऱ्याने त्यांच्या डोक्यावरची टोपली पाहून त्यांना फाटकाजवळच बसवून ठेवले, आणि सामानाच्या लिफ्टने जायला सांगितले. मला तासाभराने कळले. मी खाली गेलो तेव्हा त्या पायरीवर बसून कंटोली निवडत होत्या. आता मी आदल्या दिवशीच फाटकावर जाऊन त्या येणार असल्याचे सांगतो, नोंदवहीत ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात स्वतःच्या हाताने ‘पाहुण्या’ असे लिहितो, आणि ठरल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी खाली जाऊन उभा राहतो.