गच्चीवर चढण्याआधी: छत्री, जुना अँटेना आणि एकच केबल

नाशिकमधल्या कितीतरी गच्च्यांवर दूरदर्शनचा काड्यांचा जुना अँटेना अजून उभा दिसतो. घरात सेटटॉप बॉक्स आला की पहिला प्रश्न तोच असतो, हा अँटेना बॉक्सला जोडता येईल का? जोडता येईल, पण टीव्हीसाठी त्यात आता पकडण्यासारखं काही उरलेलं नाही. मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक सोडून बाकीचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं प्रसार भारतीने ठरवलं. २०१६ साली ज्या १६ शहरांत दूरदर्शनचं अँटेनावर पकडता येणारं डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, त्यांत महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) होती, नाशिक नव्हतं. त्यामुळे दुकानदार ‘अँटेनाही चालतो’ म्हणून दोन ट्यूनरचा (अँटेना आणि उपग्रह दोन्हींचा सिग्नल घेणारा) महाग बॉक्स पुढे करू लागला, तर इथे त्याचे जादा पैसे वाया जातील. सह्याद्री वाहिनी डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेच्या छत्रीतून, म्हणजे गोल डिशमधून, येते, महिन्याचं भाडं न भरता. अँटेनासाठी उरतं ते आकाशवाणी नाशिकचं एफएम १०१.४. ते मात्र छत्रीच्याच केबलवरून घरात उतरवता येतं, आणि तयारी तशीच करावी म्हणजे भिंतीला दुसरं भोक पडत नाही.

खरेदीच्या आधी दिशा बघा. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, आणि तो पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. नाशिकहून तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३४ अंशांवर, म्हणजे जवळजवळ बरोबर आग्नेयेला, आणि क्षितिजापासून साडेसत्तावन्न अंश वर. होकायंत्र जवळ नसेल तर सीबीएसवरून (शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकावरून) नाशिकरोड स्टेशन ज्या दिशेला आहे, तीच दिशा धरा. फरक एखाद-दुसऱ्या अंशाचा. मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, पण पत्र्याचं शेड, टाकीचा लोखंडी स्टँड आणि कॉलमच्या बाहेर आलेल्या सळया यांपासून दोन-तीन मीटर लांब उभं राहून बघा, नाहीतर ते सरळ वीस अंश खोटं बोलतं.

आडोसा मोजायला सोपं गणित आहे. छत्रीच्या मध्यापेक्षा अडथळा जितका उंच, त्याच्या ०.६४ पट अंतर कमीत कमी हवं. आग्नेयेची टाकी छत्रीपेक्षा ३ मीटर उंच असेल तर तिच्यापासून १.९ मीटर, जरा सैल हात ठेवून अडीच धरा. शेजारची इमारत १८ मीटर वर गेलेली असेल तर साडेअकरा मीटर. कॉलेज रोड, गंगापूर रोडला बंगले पाडून जिथे टॉवर उभे राहताहेत, तिथे आजचं मोकळं आकाश दोन वर्षांनी राहीलच असं नाही. आग्नेयेचा प्लॉट रिकामा असेल तर छत्री गच्चीच्या दुसऱ्या टोकाला न्या. झाडाचंही तसंच. मे महिन्यात विरळ दिसणारा गुलमोहर जुलैत पानांनी भरतो, आणि ओली पानं या लहरी भिंतीसारख्या अडवतात.

बसवायची कुठे, यावर घरमालक आणि कारागीर यांचं बहुधा जुळत नाही. कारागिराला गच्चीच्या लादीत ड्रिल मारून मोकळं व्हायचं असतं. मारू देऊ नका. खाली ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर) असतो, फास्टनर, म्हणजे पकडीचा बोल्ट, त्यातून आरपार जातो आणि पुढच्या पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छताला ओल येते. कठडा काँक्रीटचा असेल तर त्याच्या आतल्या बाजूला चार फास्टनरनी बेस बसवा. कठडा अर्ध्या विटेचा असेल तर तोही नको; दीड-दोन फुटी चौकोनी काँक्रीटचा ठोकळा ओतून त्यात पाइप रोवा. सोसायटी असेल तर लेखी परवानगी आणि गच्चीची किल्ली आदल्या दिवशीच हातात हवी. रविवारी सकाळी सेक्रेटरी गावाला गेलेले असतात.

पाइप ओळंब्यात उभा असणं हा सगळ्या कामाचा पाया आहे. स्पिरिट लेव्हल एकाच बाजूने लावून भागत नाही. काटकोनात दोन्हीकडून लावा. पाइप कलला असेल तर छत्री डावी-उजवी फिरवताना तिची उंचीही गुपचूप बदलते, आणि मग कुठलाच आकडा खरा राहत नाही. दीड इंची पाइपाच्या परिघावर १ अंश म्हणजे जेमतेम ०.३३ मिलिमीटर. ‘थोडी फिरव’ म्हणून छत्रीला हिसका दिला की उपग्रह निघून जातो तो याच हिशेबाने.

छत्री किती मोठी? शहरात ६० सेंटीमीटरची पुरते. ९० ची घेतली तर सिग्नल साडेतीन डेसिबलने वाढतो, पण वारा सव्वादोन पट क्षेत्रावर आदळतो, आणि आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येऊन आग्नेयेला तोंड केलेल्या छत्रीच्या पाठीत बसतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला पावसात चित्र सारखं जातं, तिथे ९० आणि भक्कम ठोकळा. सिडको, इंदिरानगर, पंचवटीत ६० ने सुरुवात करावी. जुन्या डीटीएचची छत्री पडून असेल तर तीही चालते, फक्त आतल्या बाजूला पोचा पडलेला नको. तिचा एलएनबी, म्हणजे दांड्याच्या टोकाला बसवलेला सिग्नल पकडणारा डबा, मात्र तपासा. त्यावर ९७५० आणि १०६०० हे दोन्ही आकडे छापलेले हवेत. नुसता १०६०० असेल तर फ्री डिशची ११०९० ही वारंवारता त्यातून ४९० मेगाहर्ट्झ होऊन खाली येते, आणि बॉक्सला तर ९५० च्या खालचं दिसतच नाही. एलएनबी धडधाकट, केबल नवी, तरीही पडदा काळा. बरेचदा कारण एवढंच निघतं. बॉक्स एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) चालणारा घ्या. नव्या काही टीव्हींत सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो. मागे पेचाचा ‘एलएनबी इन’ दिसला तर वेगळा बॉक्स घेण्याआधी टीव्हीचा मेनू उघडून बघा.

केबल आरजी-६, ७५ ओहमची. टीव्हीपासून छत्रीपर्यंत दोरी टाकून मोजा, त्यात दोन मीटर वाढवा आणि सलग तुकडा घ्या. मध्ये जोड नको. तीस मीटरपर्यंत चिंता नाही. स्वस्त केबलवरची जाळी इतकी विरळ असते की आतली फॉइल दिसते. ती घेऊ नका. एफ कनेक्टर (केबलच्या टोकाला लावायचे पेचाचे जोड) जितकी टोकं तितके लागतील, त्यावर दोन जास्त घ्या. केबल सोलताना तांब्याची मधली तार कनेक्टरच्या कडेपासून २-३ मिलिमीटर पुढे, पांढरा फोम आतल्या तळाशी सपाट, आणि जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकलेला नको. तो एक केस टेकला की बॉक्सकडून एलएनबीला जाणारे १३ किंवा १८ व्होल्ट तिथेच शॉर्ट होतात. म्हणून कनेक्टर लावताना-काढताना बॉक्सची पिन भिंतीतून उपसलेली असावी, नुसता रिमोटने बंद केलेला नव्हे.

आता एफएमची सोय. त्यासाठी दोन डिप्लेक्सर (दोन सिग्नल एका केबलवर आणणारे आणि वेगळे करणारे डबे) लागतात, एक गच्चीवर आणि एक टीव्हीमागे. वरच्यात छत्रीची आणि अँटेनाची तार एकत्र येते, खालच्यात पुन्हा वेगळी होते. एक बॉक्सला, दुसरी म्युझिक सिस्टीमच्या एफएम सॉकेटला. केबलवाल्याचा टी-जोड किंवा स्प्लिटर इथे चालत नाही, त्यातून उपग्रहाच्या वरच्या लहरी धड जात नाहीत आणि बॉक्सचे व्होल्ट अँटेनाकडेही पाठवले जातात. डिप्लेक्सरवर वीज फक्त ‘सॅट’ बाजूने जाते अशी खूण बघून घ्या. जुना टीव्ही अँटेना एफएमसाठी मापात बसेलच असं नाही. त्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचे ७०-७० सेंटीमीटरचे दोन तुकडे मध्ये बोटभर फट ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवा, मिळून १.४ मीटर, १०१.४ ला बरोबर माप. एका नळीला मधली तार, दुसरीला जाळी. आडवा आणि उभा दोन्ही धरून बघा, जिथे खरखर कमी तिथे घट्ट करा. बूस्टर लावू नका. शहरात गरज नाही, आणि त्याच्या विजेची वेगळी कटकट मागे लागते.

वर जाण्याआधी अंगणात किंवा गॅलरीत सगळं एकदा जोडून बघायचं. मेनूत एलएनबी युनिव्हर्सल ९७५०/१०६००, डायसेक (अनेक एलएनबींतून एक निवडायची सोय) बंद, वारंवारता ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. उपग्रहाकडे तोंड नसलं तरी स्ट्रेंग्थची (सिग्नलच्या जोराची) पट्टी थोडी वर येते. ती शून्यावर बसली असेल तर केबल शॉर्ट आहे, मेनूत एलएनबीची वीज बंद आहे किंवा एलएनबी मेला आहे. यांतलं काहीही गच्चीवर उन्हात शोधण्यापेक्षा इथे शोधलेलं बरं. बरोबर न्यायच्या पिशवीत १०-११ आणि १२-१३ चे पाने, कटर, लेव्हल, मार्कर, केबल टाय, जोडावर गुंडाळायची रबरी टेप आणि एक्स्टेंशन बोर्ड. छोटा टीव्ही किंवा मॉनिटर वर नेता आला तर उत्तम. नाहीतर खाली फोनवर एक जण हवा, जो ‘आलं, गेलं’ न म्हणता क्वालिटीचा (हवा तोच सिग्नल किती स्वच्छ येतो त्याचा) आकडा वाचेल.

वर गेल्यावर आधी उंची बसवा, मग दिशा शोधा. ऑफसेट छत्रीचं (जिचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या दांड्यावर असतो तिचं) तोंड साडेसत्तावन्न अंश वर दिसत नाही. ती उभ्यापासून तेहेतीस-चौतीस अंशच मागे रेललेली असते, म्हणून डोळ्याने अंदाज चुकतो. ब्रॅकेटवर अंश कोरलेले असतील तर तेच पाळा. मग आग्नेयेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा अंश, मुंगीच्या पावलाने, दर हालचालीनंतर तीन सेकंद थांबून. बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो; हात सुसाट फिरला की उपग्रह ओलांडला जातो आणि पत्ता लागत नाही.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, स्ट्रेंग्थला भुलणं. ६० सेंटीमीटरच्या छत्रीला साधारण तीन अंशांचा पट्टा एकदम दिसतो आणि शेजारी ९५ अंशांवर दुसरे उपग्रह आहेत, त्यामुळे पट्टी तिकडेही भरते. पीं पीं करणारा स्वस्त फाइंडरही कुठला उपग्रह ते सांगत नाही. क्वालिटी बघा, फक्त क्वालिटी. दुसरा सापळा एलएनबीच्या पिळाचा. छत्रीच्या मागे उभं राहून आकाशाकडे बघताना एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने सुमारे ४३ अंश वळवलेला हवा. हा भूमितीचा आकडा, शेवटचा निर्णय क्वालिटीच्या पट्टीचा. चुकून उलट बाजूला तेवढाच वळवला तर एकूण फरक ८६ अंशांचा होतो, व्हर्टिकलची (उभ्या लहरींची) जागा हॉरिझॉन्टल (आडव्या लहरी) घेते आणि दिशा अचूक असूनही क्वालिटी शून्य राहते.

क्वालिटी सर्वांत वर आली की पाइपवर मार्करने रेघ मारा आणि नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा; एकच नट एकदम आवळला की छत्री त्या बाजूला सरकते. एलएनबीच्या जोडावर रबरी टेप ताणून खालून वर गुंडाळा, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल, बॉक्सपर्यंत येणार नाही. पाइपाला अर्थिंगची तार द्या. वळवाच्या विजांच्या वेळी बॉक्सची केबल काढून ठेवणं याहूनही बरं. येवल्यात असाल तर संक्रांतीनंतर एलएनबीच्या दांड्याला अडकलेला मांजा कापून काढा, तो वाऱ्यात दांडा ओढतो.

दोन टीव्ही चालवायचे असतील तर दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन केबली. एका केबलला फाटे फोडू नका. १ एप्रिलच्या सुमारास वाहिन्यांच्या जागा बदलतात, तेव्हा एखादी गायब झाली तर आधी बॉक्सवर नव्याने स्कॅन करा, पाना उचलू नका. आणि वर्षातून दोनदा, १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि २ ऑक्टोबरच्या आसपास अकराला पाच-सात मिनिटं असताना, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. पुढेमागे काही दिवस तेवढी मिनिटं चित्र फुटतं आणि आपोआप जुळतं. त्याच वेळी गच्चीवर जाऊन छत्रीवर ऊन पडतंय का ते मात्र बघून घ्या. जितक्या भागावर सावली, तितक्या भागाला समोर काहीतरी आडवं आलेलं आहे.