ज्युनिपर बोन्सायला पहिल्यांदा तार लावताय? थंडी आहे तोवर उरका, पण हात आखडता ठेवा

मंडळी, दिवाळी झाली, पहाटे गार वाटायला लागलं, म्हणजे बोन्सायच्या ज्युनिपरला हात लावायचे, छाटून आणि फांद्यांवर तार गुंडाळून हवा तो आकार द्यायचे दिवस आले. पुणे, नाशिक, सातारा या बाजूला नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत काम उरकून घ्या, वाढ मंद असते, ऊन बाधत नाही आणि कापलेलं वाकवलेलं झाड तेवढं सोसतं. मुंबई-कोकणात थंडी जेमतेमच, तिकडे डिसेंबर-जानेवारीच काय तो मिळतो. मार्च लागला की नको.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. वड, उंबर, बोगनवेल कुठेही छाटा, परत फुटतात. ज्युनिपरचं तसं नाही, जुन्या उघड्या लाकडावर त्याला सहसा फूट येत नाही, हिरवळीच्या मागे कात्री लागली की ती फांदी गेलीच समजा. म्हणून जी फांदी ठेवायची तिच्या टोकाला हिरवं राहिलंच पाहिजे. नर्सरीत झाड घेतानाही खोडाजवळ हिरवळ आहे का ते बघा, नुसता वरचा झुबका बघून भुलू नका.

घरी आणलं की लगेच कापायला बसू नका. वरची माती जुन्या टूथब्रशने हलकेच बाजूला करा, मुळं कुठून पसरतात ते दिसेल, मग झाड फिरवून फिरवून समोरची बाजू ठरवा. आत वाळलेल्या तपकिरी काड्या असतात त्या बोटांनी काढा, एवढ्यानेच झाड अर्धं मोकळं दिसतं. एकाच जागेवरून तीन-चार फांद्या निघाल्या असतील तर दोन ठेवा, नाहीतर तिथे गाठ फुगते. पहिल्या वेळी एक तृतीयांशच्या वर हिरवं काढू नका, मन कितीही म्हणो. काढायची फांदी खोडाला चिकटून न कापता दोन-तीन सेंटीमीटरचा खुंट ठेवा, त्याची साल सोलली की पांढरं सुकं लाकूड होतं, त्यालाच जिन म्हणतात, ज्युनिपरवर ते फार शोभतं.

तार ॲल्युमिनियमची घ्या, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची, आणि तिरकी, अंदाजे 45 अंशात गुंडाळा. एका तारेत जवळच्या दोन फांद्या धरल्या की पकड घट्ट बसते. वाकवताना दोन्ही अंगठे आतून टेकवायचे, तार बाकाच्या बाहेरच्या बाजूला येईल असं बघायचं आणि अगदी सावकाश दाबायचं, बोटांना आतून बारीक करकर जाणवली की तिथेच थांबा. जाड फांदी असेल तर आधी ओली राफिया (ताडासारख्या झाडाच्या पानांचा धागा) किंवा कापडी पट्टी घट्ट गुंडाळा.

आणि त्याच दिवशी कुंडी बदलायची नाही, हे मी कळकळीने सांगतोय. माझं पहिलं ज्युनिपर मी एप्रिलमध्ये एका दुपारीत छाटलं, तार लावली, मुळं कापून उथळ ट्रेमध्ये बसवलं. महिनाभर हिरवंगार दिसत होतं, मी खुशीत पाणी घालत होतो, पण ते केव्हाच मेलं होतं, ज्युनिपर गेल्याचं उशिरा कळतं. हिरवा रंग आधी फिका, राखाडी होतो, मग हाताला कोरडं लागतं, तोवर काही करण्यासारखं उरत नाही. आता कुंडी मी पुढच्या वर्षावर ढकलतो.

काम झालं की दोन-तीन आठवडे हलक्या सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला ठेवा, सकाळी पानांवर पाणी फवारा, खत महिनाभर बंद. मातीचा वरचा थर सुकला की मगच पाणी, रोज सवयीने नको, मुळं कुजतात. नंतर उन्हात काढा. हॉलमध्ये टीपॉयवर ठेवायचं झाड हे नव्हे, गच्ची किंवा बाल्कनी पाहिजे. शेंडे नखाने खुडत बसू नका, त्याची ताकद त्या हिरव्या टोकांतच असते, फार लांबलेला कोंब तेवढा कात्रीने घ्या. छाटणीनंतर टोचणारी सुईसारखी पानं आली तर घाबरू नका, रोग नाही तो.

मार्चपासून लाल कोळी ही बारीक कीड लागली नाही ना ते बघायला लागा, पांढऱ्या कागदावर फांदी झटकायची, बारीक ठिपके चालताना दिसले की पाण्याचा जोरदार फवारा खालून वरून मारायचा, दोन-तीन दिवसांनी परत. आणि पावसाळ्यात फांदी भराभर जाड होते, म्हणून जूनपासून दर पंधरा दिवसांनी तार सालीत रुतत नाही ना ते बघा, रुतायला लागली तर उलगडत बसू नका, कटरने तुकडे तुकडे करून काढा.