बँड काढलाय? मग गाणं सोडायच्या आधी एवढं कराच

गाणं रेकॉर्ड झालं की लगेच अपलोड करू नका रे, आधी सगळ्यांनी बसून शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाला किती टक्के हे कागदावर लिहून सह्या करा, दोस्तीत बोलायला जड जातं पण पुढे पैसे आले की ह्याच्यावरूनच बँड फुटतात, मी बघितलंय. मग गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं, म्हणजे गाणं वाजल्यावर मिळणारी रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं, मेंबर व्हायचं, 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने रॉयल्टीतला वाटा तुमचा हक्क केलाय, तो सोडू नका. डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे तुमचं गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीकडून, 12 अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी कोड मिळतो, ती त्या रेकॉर्डिंगची ओळख असते, जपून ठेवा. स्पॉटिफायला रिलीजच्या निदान 7 दिवस आधी पिच करा, म्हणजे प्लेलिस्टमध्ये घ्या म्हणून गाणं पाठवा, मी तर म्हणेन महिनाभर आधीच.

गिगसाठी, म्हणजे लाइव्ह कार्यक्रमासाठी, खार-अंधेरीच्या व्हेन्यूंना लांबलचक मेल नको, एका मिनिटाचा लाइव्ह व्हिडिओ पाठवा आणि किती माणसं आणाल ते खरं सांगा, उगाच फुगवलंत तर दुसऱ्यांदा कोणी बोलवत नाही. ड्रमर विरारला राहत असेल तर शेवटची लोकल बघूनच स्लॉट मागा, नाहीतर अख्खं मानधन कॅबमध्ये जातं. आणि मराठीत गाताय ना, मग पोस्टर पण मराठीतच करा, ठाणे-डोंबिवलीची पोरं आवर्जून येतात.