सोलापूरच्या उन्हात राजहंस पाळताय? या चुका टाळा

चोचीच्या मुळाशी गाठ आणि उभी लांब मान दिसली, की पक्षी चायनीज जातीचा समजा. एम्डेन या मोठ्या जातीपेक्षा अंगाने बराच लहान. नर 5 किलोच्या आसपास, मादी त्याहून थोडी हलकी. अंडी मात्र जास्त, हंगामात 40 च्या वरही. आवाजही तसाच मोठा. राखणीला उत्तम, पण भिंतीला भिंत लागून शेजार असेल तर आणू नका.

पाण्यातली चूक सर्रास होते. तळं लागतंच असं नाही, पण कोंबड्यांचं उथळ भांडंही चालत नाही. डोळ्यांपर्यंत डोकं बुडेल एवढं खोल पाणी हवं, नाहीतर नाकपुड्यांत खाद्य साचतं आणि डोळे चिकटतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 च्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं पाणी दुपारपर्यंत कढत होतं. टब कडुनिंबाखाली ठेवा. पक्षी चोच उघडून धापा टाकत असेल, पंख अंगापासून लांब धरत असेल, तर लगेच सावलीत घेऊन पाय गार पाण्यात ठेवा.

पिल्लांना नुसतं ब्रॉयलरचं खाद्य घालणं ही दुसरी चूक. त्यांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन (एक ब जीवनसत्त्व) जास्त लागतं; ते कमी पडलं की पाय वाकतात. खाद्यात ब्रुअर्स यीस्ट, म्हणजे बिअर बनवताना वापरलेलं वाळवलेलं यीस्ट, मिसळा; त्यात नायसिन असतं. उलट, पिसं फुटताना खुराक फार भारी झाला तर पंखाचं टोक बाहेर वळतं. सुरुवातीलाच लक्षात आलं तर पंख नीट मिटून काही दिवस हलकी पट्टी बांधा, खुराक कमी करून चरायला सोडा. मोठं झाल्यावर ते सरळ होत नाही. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, तिच्यातलं विष यांच्या यकृतावर जातं.

हा मुळात गवत खाणारा पक्षी. अमेरिकेत कपाशीतलं तण काढायला राजहंस सोडत असत. हरळी आणि लव्हाळा ते आवडीने खातात, म्हणजे आपली डोकेदुखी त्यांचं जेवण! पण कोवळी ज्वारी, मकाही त्यांना गवतच वाटतं, तिथे सोडलंत तर पीक गेलं. सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागेत सोडणार असाल तर आधी फवारणीच्या तारखा बघा. औषधाचा अंश उतरेपर्यंत त्यांना बाहेरच ठेवा.

जोड्या जुळायला वेळ लागतो. एका नरामागे चार-पाच माद्या पुरतात, पण त्यांना अंड्यांच्या हंगामाच्या महिनाभर आधीच एकत्र ठेवा.