डब्यावरचे नाव नव्हे, उपकरणाची मागची बाजू वाचा

जळगावात किंवा धुळ्यात गाणी ऐकण्याचे उपकरण घ्यायला दुकानात गेल्यावर एकाच कामाच्या डब्यावर कुठे ‘स्ट्रीमर’ तर कुठे ‘नेटवर्क प्लेअर’ लिहिलेले आढळते, आणि घरच्या जुन्या ध्वनी-साहित्याला नेमके काय लागेल ते कळत नाही. अशा वेळी उपकरण फिरवून मागचे जोड पाहावेत.

१. वाय-फाय किंवा लॅनची (तारेने इंटरनेट जोडण्याची) सोय असेल, तर ते गाणे इंटरनेटवरून आणते; हा स्ट्रीमर.

२. झाकणाचे चौकोनी छिद्र, ज्यात ध्वनी बाहेर देणारे उपकरण चालू असताना लाल उजेड दिसतो, ते ऑप्टिकल. त्यातून ध्वनी आकड्यांच्या रूपात जातो. लाल-पांढऱ्या गोल जोडांच्या जोडीतून, म्हणजे आरसीएतून, सहसा आकड्यांत न बदललेला प्रत्यक्ष ध्वनिसंकेत जातो. आकड्यांचा संकेत आत घेऊन आरसीएतून ध्वनी बाहेर देणारा भाग म्हणजे डॅक. वडिलांच्या जुन्या ॲम्प्लिफायरला (ध्वनिसंकेत वाढवून स्पीकरला देणाऱ्या उपकरणाला) फक्त आरसीए असल्यामुळे मला डॅक आतच असलेला स्ट्रीमर पुरला आणि वेगळ्या डॅकचा खर्च वाचला.

३. उघडी तार आवळण्याचे लाल-काळे स्क्रू ॲम्प्लिफायरवर असतात. स्पीकरला स्वतःची विजेची वायर असेल, तर ॲम्प्लिफायर त्याच्या आतच असतो. अशा स्पीकरला ‘ॲक्टिव्ह’ म्हणतात.

ॲम्प्लिफायरच्या लाल-काळ्या स्क्रूंची तार ॲक्टिव्ह स्पीकरच्या आरसीए जोडाला कधीही लावू नये, कारण त्या तारेतल्या वाढवलेल्या संकेताच्या जोराने स्पीकरच्या आतील भाग जळू शकतो. कोणतीही जोडणी करण्यापूर्वी सर्व प्लग काढून ठेवावेत.